नोकरी सांभाळून बायकांच्या हक्काचं काम करता येतं का? ३३ वर्षं शाळेत काढलेल्या एका बाईचं उत्तर

तू विचारलंयस ते असं, की तू जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलीस, दुसरं वर्ष चालू आहे, गावात मुलींची लग्नं लवकर उरकतात, बायकांना कुणी कशात विचारत नाही, तुला त्यासाठी काम करायचंय पण मुख्याध्यापक म्हणतात नोकरी कर, चळवळ करू नको, आणि घरचे म्हणतात आधी पर्मनंट हो मग काय ते बघ. तर सुरुवात कुठून करायची. माझी धाकटी मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून मी सरळ तू म्हणते, राग मानू नको.

मी १९८८ ला लागले आणि २०२१ ला रिटायर झाले. त्यातली बरीच वर्षं बीड जिल्ह्यात ऊसतोड्यांच्या गावांमध्ये गेली. त्यामुळं मी जे सांगणार ते त्या भागातलं आहे, तुझ्याकडं कोकणात किंवा खानदेशात काही गोष्टी वेगळ्या असतील, त्या तुझ्या तू बदलून घे.

आधी एक गोष्ट सांगते जी कळायला मला दहा वर्षं लागली. सुरुवातीला मी भाषणं करायचे. ८ मार्च आला की बायका गोळा करायच्या, स्त्री-पुरुष समान आहेत म्हणून अर्धा तास बोलायचं, बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या, शेवटी चहा व्हायचा आणि घरी जाऊन सगळं होतं तसं. मग एकदा एक म्हातारी, तिला सगळे आक्का म्हणायचे, मला म्हणाली की बाई तुम्ही म्हणता ते खरंय, पण काल लेकानं मला घराबाहेर काढलं तवा म्या ग्रामपंचायतीत गेले, तर तिथं म्हणले घर लेकाच्या नावानं हाय, तुमचं काय नाव न्हाई कुठं. चाळीस वर्षं तिनं ते घर शेणानं सारवलेलं. त्या दिवसापासून मी भाषणं बंद केली आणि कागद बघायला लागले. घर कुणाच्या नावानं, शेत कुणाच्या नावानं, ग्रामसभेच्या रजिस्टरला कुणाच्या सह्या, मुलीची जन्मतारीख कुठं काय लिहिलीय, रेशनकार्डावर कोण. आणि गावात हे सगळे कागद वाचता येणारी, घराघरात आत जाऊ शकणारी आणि कुणाच्याच भावकीत नसलेली बाई बहुतेक ठिकाणी एकच असते, शाळेतली बाई. तुझी ताकद ती आहे.

आता नोकरीचं. मुख्याध्यापक तुला जे घाबरवतायत ते अर्धं खरंय. आपल्याला वर्तणुकीचे नियम लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे नियम आहेत, ते एकदा स्वतः वाचून काढ, कुणाच्या तोंडून ऐकू नको. राजकीय पक्षाचं काम करता येत नाही, निवडणुकीत कुणाचा प्रचार करता येत नाही, पेपरात सरकारच्या धोरणावर टीका करणारे लेख लिहिले तर अडचण येते. पण जो कायदा सरकारनंच केलाय तो लोकांना सांगणं, शासन निर्णयाची झेरॉक्स काढून पालक सभेत वाचून दाखवणं, हा गुन्हा कसा होईल? मी शेवटपर्यंत हेच केलं. माझं मत म्हणून फार कमी बोलले, अमुक कायद्यात असं लिहिलंय म्हणून बोलले. माझ्याविरुद्ध दोनदा अर्ज झाले आणि एकदा कारणे दाखवा नोटीस आली, तेव्हा मी उत्तराला ती झेरॉक्स जोडली आणि विषय तिथंच संपला. शिक्षण सेवकाची तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आधी मात्र जरा जपून, म्हणजे गप्प बसून नाही, पण एकटीच्या नावानं अर्जबिर्ज देऊ नको, बायकांच्या सहीनं दे. तसंही ते बायकांचंच काम आहे.

आणि प्रत्येक कागदाची पोच घे. आवक नंबर, शिक्का, तारीख. तोंडी सांगितलेलं कुठल्याच ऑफिसात कुणाला आठवत नाही.

सुरुवात शाळेतूनच कर. तुझ्याकडं शाळा व्यवस्थापन समिती असेलच. शिक्षण हक्क कायद्यानं त्यात कमीत कमी तीन चतुर्थांश पालक लागतात आणि एकूणात निम्म्या बायका. कागदावर त्या असतातच. पण मीटिंगला कोण येतं बघ. आमच्या शाळेत बायकांच्या नावापुढं त्यांचे नवरे सह्या करायचे, एकदोन घरी तर शिपाई रजिस्टर घेऊन जायचा आणि अंगठा घेऊन यायचा. मी विचारलं की बायका का येत नाहीत तर सगळे म्हणले त्यांना इंटरेस्ट नाही. मग मी घरोघर गेले, तेव्हा कळलं की मीटिंग ११ वाजता असते आणि त्या वेळी सगळ्या खुरपायला गेलेल्या असतात, रोज बुडवून कोण येणार. म्हणून मीटिंग रात्री ८ ला जेवणं झाल्यावर ठेवली, देवळाच्या ओसरीत, कारण तिथं लाईट होती. पहिल्या वेळी चौघी आल्या. तरी दलित वस्तीतली एकही नाही, आणि दोघीजणी परतून गेल्या कारण पाळी चालू होती. हे माझ्या आधी लक्षात आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मग शाळेच्या व्हरांड्यात घेतली, स्वतःच्या पैशानं एक बल्ब आणि वायर आणली, आणि तिसऱ्या महिन्यात एकवीस बायका बसलेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी विषय कुठला काढला असेल? मुलींच्या संडासाचा. दार होतं पण आतून कडी नव्हती, पाणी नव्हतं, म्हणून सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहायच्या, मग मागं पडायच्या, मग घरचे म्हणायचे डोकं चालत नाही तर शाळा कशाला. एक कडी आणि एक टाकी. ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला, खाली बायकांच्या सह्या, आणि दोन महिन्यात काम झालं. त्या बायकांना पहिल्यांदा कळलं की आपण सही केली की काहीतरी हलतं. त्यांना नंतर मी ग्रामसभेला नेलं ते या कडीच्या जोरावर.

ग्रामसभेबद्दल एक महत्त्वाचं, हे फार गावांमध्ये दाबून ठेवतात. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात लिहिलंय की प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. ती घेतल्याचं कागदावर सगळीकडं असतं. तू फक्त ग्रामसेवकाला गोड बोलून विचार की भाऊसाहेब पुढची महिला सभा कधी आहे, आम्हाला मुलींच्या शाळेबद्दल बोलायचंय. एवढ्यानं सुद्धा खळबळ होते. महाराष्ट्रात १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर बायकांना पंचायतीत ३३ टक्के जागा आल्या, २०११ पासून ५० टक्के आहेत, तरी खुर्चीत सरपंचबाई आणि बोलायला त्यांचे मिस्टर हे चित्र तू पाहिलं असशील. मी अशा एका सरपंच वहिनींना रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास फक्त इतिवृत्त वाचायला शिकवलं. सही करायच्या आधी मोठ्यानं वाचायचं, एवढाच नियम. तिसऱ्या मीटिंगला त्यांनी एका बिलावर सही केली नाही. बास, घरात भांडण झालं, आमच्याकडं दोन दिवस राहिल्या, पण नंतर सही त्या वाचूनच करायच्या.

आता ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती आपण सगळे करतो, मुलींना नऊवारी नेसवतो, कुंकवाचा मोठा टिळा लावतो, शेणाची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे, सांगावी. पण सावित्रीबाई म्हणजे अंगावर शेण सोसणारी बाई एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं आणि त्यांनी केलेलं काम बाजूला पडतं. १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात शाळा, ठीक आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. पण १८६३ ला जोतिरावांच्या बरोबरीनं स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं केली, त्यातलंच एक मूल, यशवंत, दत्तक घेतलं, विधवांचं केशवपन करू नका म्हणून न्हाव्यांचा संप घडवून आणला. आणि १८९७ ला प्लेगमधे आजारी मुलाला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेताना लागण होऊन गेल्या. शाळा आणि घर आणि गल्ली हे त्यांनी वेगळं धरलंच नाही. मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मातंग समाजातली, जिनं १८५५ ला मांग महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात छापून आला. शिक्षिका म्हणून मला कुणी विचारलं की तुझं काम कशावरून मोजायचं तर मी म्हणेन मुलगी स्वतःचं दुःख स्वतः लिहायला लागली का यावरून.

म्हणून मी ३ जानेवारीला वेषभूषा बंद करून एक वेगळं सुरू केलं. पाचवी ते सातवीच्या सगळ्या मुलामुलींनी आदल्या दिवशी आईच्या मागं मागं फिरायचं आणि पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत ती काय काय करते ते वेळ टाकून वहीत लिहायचं, आणि बाजूच्या पानावर वडलांचं. काही शिकवायचं नाही, काही बोध सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचायचं. साडेचारला उठली, चूल पेटवली, पाणी आणलं, भाकरी केल्या, शेळ्या सोडल्या, असं वाचता वाचता एक मुलगा थांबला आणि म्हणला बाई माझी आई बसलीच न्हाई. त्यानं जेवणाची वेळ शोधली होती आणि ती त्याला सापडली नव्हती, कारण ती उभ्या उभ्या, सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं खाते. त्या संध्याकाळी त्याचे वडील वही घेऊन शाळेत आले, चिडलेले, की तुम्ही पोरांना आमच्या घरावर पाळत ठेवायला लावता का. मी म्हणलं बसा, वाचू आपण, यात चुकीचं काय लिहिलंय ते सांगा म्हणजे खोडू. त्यांनी पूर्ण वाचलं. काही खोडलं नाही. उठून गेले. पुढं ते बदलले वगैरे मी म्हणणार नाही, मला माहीत नाही, पण मुलगा मात्र पाण्याला जायला लागला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलग्यांना या कामात पहिल्यापासून घे. मुलींना एकट्यांना हक्क शिकवले आणि त्यांच्या भावांना काहीच नाही, तर त्या मुली घरी जाऊन एकट्याच भांडतात आणि मारही एकट्याच खातात.

बालविवाहाबद्दल तू विचारलंयस त्यावर जरा जास्त लिहिते, कारण इथं मी हरलेय पण.

आमच्याकडं ऊसतोडीला जोडी लागते, नवरा बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर. मुलगा सतरा अठरा वर्षांचा झाला की त्याचं लग्न लावून कोयता वाढवायचा, म्हणजे उचल वाढते, आणि मुलीच्या घरच्यांना वाटतं पोरीला सहा महिने गावात कुणाकडं ठेवायची, कारखान्याच्या फडावर नेली तर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तिची काळजी, त्यापेक्षा लग्न करून टाकू. ते आईबाप दुष्ट नसतात ग. त्यांच्यापुढं खरंच दुसरा रस्ता दिसत नसतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमधे जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, २०१९ ते २१ चं ते, म्हणजे जुनी गोष्ट नाही.

माझ्या सातवीतली एक मुलगी, हुशार, गणितात तर फारच. दिवाळीच्या सुट्टीआधी कळलं लग्न ठरलंय. मी कायद्याप्रमाणं सगळं केलं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यांना सांगितलं, मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन केला, पोलीस आले, मंडप उतरवला, वडलांकडून लिहून घेतलं. मला वाटलं जिंकलो. चार दिवसांनी ती सगळी मंडळी दुसऱ्या तालुक्यात पाहुण्यांकडं गेली आणि पहाटे चार लोकांत लग्न लावून थेट कारखान्यावर गेली. मुलगी मला पुढच्या वर्षी उन्हाळ्यात दिसली, पोटुशी होती, माझ्याकडं बघून खाली बघितलं. मी तिला काय बोलणार होते. घरी येऊन मी खूप रडले आणि त्या गावातनं बदली मागायचं सुद्धा मनात आलं.

पण नंतर शांतपणे बसून तारखा लिहून काढल्या तेव्हा कळलं माझं कुठं चुकलं. मी दिवाळीत धावले. उचल त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच घेतलेली असते, पैसे खर्च झालेले असतात, मग मंडप थांबवून काय उपयोग, तोवर मुलगी हिशोबात गेलेली असते. म्हणून पुढच्या वर्षीपासून मी आषाढ श्रावणातच घरं फिरायला लागले. सहावी सातवी आठवीच्या प्रत्येक मुलीची यादी, तिचं घर यंदा तोडीला जाणार का, गेलं तर ती कुणाकडं राहणार. आजी आहे का, चुलती आहे का. हंगामी वसतिगृहाची सोय होते, म्हणजे मूल गावातच नातेवाइकाकडं राहतं आणि जेवण योजनेतून मिळतं, त्याचे प्रस्ताव वेळेत गेले पाहिजेत, उशीर झाला की मूल फडावर गेलेलंच असतं. आठवीसाठी शेजारच्या मोठ्या गावात जायचं तर मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत, पण गाडी शाळेच्या वेळेला येते का हे कुणी बघत नाही. आमची गाडी शाळा सुटल्यावर दीड तासानं यायची, अंधार पडायचा, आणि नुसत्या त्या दीड तासापायी पाच मुलींची शाळा सुटायच्या बेतात होती. आयांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आम्ही आगारात तीनदा गेलो तेव्हा वेळ बदलली. एसटीची वेळ बदलणं हे पण स्त्रीमुक्तीचंच काम आहे, हे मी तुला अगदी मनापासून सांगते.

आणि जन्मतारीख. शाळेचं जनरल रजिस्टर तुझ्या ताब्यात कधीतरी येईल. लग्न ठरलं की लोक येतात, बाई बोनाफाईडवर वय जरा वाढवून द्या, आधारवर तसंच करून घेतलंय. ओळखीचे असतात, तुला डबा देणारे असतात. द्यायचं नाही. त्या एका आकड्यावर मुलीचं सगळं अवलंबून असतं, आणि उद्या केस उभी राहिली तर तेच रजिस्टर पुरावा म्हणून बघतात. मी नाही म्हणले म्हणून दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, वर्षभर.

आता घर आणि शेत, जिथं माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ असतो, घरांच्या आकारणीचं रजिस्टर. ते मागून बघ आणि बायकांची नावं किती आहेत मोज. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा दोनशेच्या आसपास घरं होती आणि बायकांची नावं हाताच्या बोटांवर मावत होती, आणि त्या सगळ्या विधवा होत्या. म्हणजे नवरा मेल्यावरच बाईचं नाव घराला लागणार. घर नवरा बायको दोघांच्या नावावर करावं असा शासन निर्णय महाराष्ट्रात २००३ पासून आहे. त्याला वकील लागत नाही, अर्ज आणि ग्रामपंचायतीचा ठराव. मी शाळेतल्या मुलांकडून त्याचा मजकूर फळ्यावर शुद्धलेखन म्हणून लिहून घेतला, मुलांनी वह्या घरी नेल्या, आणि आया विचारायला लागल्या. एक तात्या मला म्हणले, बाई नाव लावलं आन् उद्या ती मला इचारनाशी झाली तर? मी म्हणलं तात्या, तुमचं नाव लागल्यापासून तुम्ही त्यांना विचारनासे झालात का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणले, व्हय, झालो की. अर्ज त्यांनीच भरला, पहिला.

शेताचं अवघड. शेतकरी संघटनेच्या बायकांची १९८६ ला चांदवडला मोठी परिषद झाली, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, पुरुषांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली, गावंच्या गावं पुढं आली. मी तेव्हा नवीनच लागले होते आणि लोक एसटीत याबद्दल बोलायचे ते मला आठवतंय. त्याच नावाच्या सरकारी योजनेखाली नवऱ्यानं हयातीत अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठ्याकडं विचार, पहिल्यांदा तो म्हणेल असं काही नसतं, दुसऱ्यांदा झेरॉक्स घेऊन जा.

मुलींचा वडलांच्या जमिनीतला हिस्सा हा वेगळा विषय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडलांच्या स्वतःच्या वाट्यात हिस्सा होताच, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः नव्हता. महाराष्ट्रानं १९९४ ला तो दिला, पण २२ जून १९९४ ला जिचं लग्न झालेलं नव्हतं तिलाच. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेलीला पण, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्माच्या केसमधे स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील जिवंत असायलाच पाहिजेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर मात्र ते उकरता येत नाही. एवढं तुला तोंडपाठ पाहिजे, कारण हे विचारायला बायका वकिलाकडं जात नाहीत, तुझ्याकडं येतील, आणि रात्रीच्या येतील.

पण कायदा माहीत असणं वेगळं आणि भावापुढं सही न करणं वेगळं. माझे वडील १९९६ ला गेले. दिवस झाल्यावर चौदाव्या दिवशी भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं, आई बाजूला बसलेली, सगळ्या भावकीसमोर. मी आठ वर्षं शिक्षिका होते, बायकांना हक्क सांगत होते, आणि मी सही केली. कुणी धाक दाखवला नाही. फक्त थोरल्या वहिनी म्हणाल्या, वन्सं, माहेर तुटायला नको. भाऊबीजेची साडी आणि उन्हाळ्याची चार दिवसांची विसावा घ्यायची जागा, ती जाईल या भीतीनं मी अडीच एकरातला माझा हिस्सा सोडला. म्हणून मी कुठल्याही बाईला सही का केलीस असं कधीच म्हणत नाही आणि तू पण म्हणू नको. मी फक्त एवढंच सांगायला लागले की सुतकात सही करायची नाही. दोन महिने थांबा म्हणायचं, कागद घरी नेऊन मुलाकडून किंवा बाईंकडून वाचून घेते म्हणायचं. तेवढ्या वेळात भावाचा पण विचार बदलतो कधीकधी. आमच्या गावात दोघा भावांनी बहिणीचं नाव स्वतःहून लावलं, आणि राखीला ती पहिल्यासारखीच येते, माहेर काही तुटलं नाही.

दारूबंदीच्या मतदानात पण आम्ही पडलो होतो, थोडक्यात सांगते कारण त्यातनं एक शिकण्यासारखं आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं आणि मग बायकांचं गुप्त मतदान होतं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पण आडव्या बाटलीला नुसत्या आलेल्या मतांपैकी नाही, तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. आमचं मतदान लागलं जानेवारीत, अर्ध्या बायका कारखान्यावर. पडलो. पुढच्या वेळी अर्जाची तारीखच अशी धरली की मतदान तोडीहून परत आल्यावर उन्हाळ्यात यावं, आणि दुकान बंद झालं. मी यात नोकरीत असल्यानं प्रचार केला नाही, मी फक्त महिनाभर रोज रात्री बायकांना मतदार यादीतल्यासारखी सही करायला शिकवत होते. अर्ज बाद होतात ते सह्या जुळत नाहीत म्हणून.

किंमत मोजावी लागते का असं विचारलंयस. लागते. माझ्याबद्दल वाईटसाईट बोललं गेलं, नवऱ्याला निनावी पत्रं आली. ती त्यांनी मला दाखवली आणि दोघांनी मिळून चुलीत घातली, पण सगळ्यांच्या घरी असं होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्या नवऱ्याला किंवा आईवडलांना आधीपासून सगळं सांगत जा, गावातनं कळायच्या आधी तुझ्याकडनं कळू दे. एकदा एक वरिष्ठ व्हिजिटला आल्यावर नको ते बोलले. तेव्हा कुठं जायचं हे मला माहीत नव्हतं, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल यायच्या आधीची गोष्ट. आज त्यासाठी २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती आणि त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. तुझ्या जिल्ह्याची समिती कुठं बसते, अध्यक्ष कोण, फोन नंबर काय, हे आत्ता शांत असतानाच लिहून ठेव. माझ्या मुलींना मी कमी वेळ दिला हे पण खरंय. थोरली एकदा म्हणाली होती, आई तू सगळ्या गावाच्या मुलींची आहेस, आमची रविवारी. त्याला माझ्याकडं आज पण उत्तर नाही.

विधवा बायकांच्या बाबतीत एक सांगायचं राहिलं. हळदीकुंकवाला त्यांना बोलवत नाहीत, नावाआधी गं. भा. लावतात, आणि शाळेत पालक सभेला पण त्या मागं बसतात. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मधे विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनी पण तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी तोवर रिटायर झाले होते, पण ते परिपत्रक घेऊन आमच्या गावात गेले आणि संक्रांतीला शाळेतल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकीण मावशी, ज्या वीस वर्षांपासून एकट्या होत्या, त्यांच्या हातानं वाण वाटलं. दोनतीन बायकांनी घेतलं नाही. बाकीच्यांनी घेतलं.

तू लगेच सगळं करायला जाऊ नको. या सत्रात तीनच कामं धर. एक, शाळा व्यवस्थापन समितीच्या महिला सदस्य खरंच मीटिंगला बसतील अशी वेळ आणि जागा शोध, त्यांनाच विचारून. दुसरं, तुझ्या पाचवीच्या वरच्या सगळ्या मुलींची यादी कर, प्रत्येकीच्या पुढं घरची परिस्थिती आणि पुढच्या वर्षी ती कुठं असेल ते पेन्सिलीनं लिही, वही शाळेत ठेवू नको, घरी ठेव. तिसरं, सोमवारी मधल्या सुट्टीत ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ मधली बायकांची नावं मोजून ये. ग्रामसेवक कशाला पाहिजे म्हणून विचारतील, तर म्हण मुलांना परिसर अभ्यासाला गावाची माहिती गोळा करायचीय, ते खोटं पण नाही. आकडा आला की मला कळव, मग पहिला अर्ज कुणाकडून भरून घ्यायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.